पंपाची किल्ली कोणाकडे?

ॲलिस स्प्रिंग्ज ते बर्ड्सव्हिल अशी ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर पट्टी लावली की अंतर भरतं ३२० नॉटिकल मैल, म्हणजे सहाशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून नागपूर विमानाने जितकं लांब, साधारण तितकंच. पण पुणे-नागपूर मार्गावर खाली बीड आहे, वाशिम आहे, यवतमाळ आहे. इथे खाली सिम्प्सन वाळवंट आहे. पावणेदोन लाख चौरस किलोमीटरचा हा प्रदेश महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा, आणि त्यात वाळूच्या अकराशेच्या वर टेकड्या एकमेकींना समांतर, नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारख्या क्षितिजापर्यंत गेलेल्या. गाव नाही, डांबरी रस्ता नाही, इंधनाचा पंप नाही.

ॲलिसमधल्या एका छोट्या चार्टर कंपनीत मी वैमानिक आहे. आमची विमानं सेस्ना २०६, म्हणजे एक इंजिन, सहा आसनं, पंख वर आणि दोन्ही पंखांत इंधनाच्या टाक्या. प्रवासी म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञ, नर्स, एखाद्या दूरच्या वस्तीवरचा जनरेटर दुरुस्त करायला निघालेला इलेक्ट्रिशियन, हिवाळ्यात पर्यटक. सुट्टीत घरी आले की नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, वाळवंटावर इंजिन बंद पडलं तर काय गं करशील? त्याची तयारी आम्ही करतोच. पण चांगली देखभाल असलेलं इंजिन सहसा आपणहून बंद पडत नाही. इंधन संपून किंवा टाकीत असूनही इंजिनापर्यंत न पोहोचून झालेले अपघात मात्र दरवर्षी नोंदले जातात, ऑस्ट्रेलियासारख्या शिस्तीच्या देशातही. माझ्या कामातला सगळ्यात जास्त विचार इंधनावर खर्च होतो. कुठे मिळेल, किती मिळेल, कोण देईल, आणि नाही मिळालं तर आपण त्या क्षणी कुठे असू.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे कोल्हापूरचा एक मुलगा नवीन लागला. व्यावसायिक परवाना हातात, अनुभवाचे तास थोडे. कामावर सगळ्यांसमोर इंग्रजी, दोघंच असलो की मराठी आणि "ताई". त्याला पहिल्यांदा आखायला दिलेला प्रवास होता ॲलिस–बर्ड्सव्हिल, दुसऱ्या दिवशी बर्ड्सव्हिलहून लेक आयरवरून विल्यम क्रीक, आणि तिथून परत. चार छायाचित्रकारांना सरोवरात आलेलं पाणी वरून टिपायचं होतं.

तासाभरात त्याने कागद पुढे केला. गणित स्वच्छ होतं. वेग १३० नॉट, इंधन ताशी ६० लिटर, वेळ अडीच तास.

"ताई, बसतंय. चार प्रवासी, सामान, सगळं धरून २१९ लिटर भरता येतं. कायद्याने लागणारा अर्ध्या तासाचा राखीव साठा ठेवूनही पुरतं."

"वारा किती धरलायस?"

"शून्य."

"आणि हिवाळ्यात इथे वारा कुठून असतो?"

तो थांबला. इथल्या हिवाळ्यात वाळवंटावर आग्नेयेकडून वारा वाहतो. ॲलिसहून बर्ड्सव्हिलला जायचं म्हणजे नेमकं त्याच्या तोंडावर. समोरून २० नॉटचा वारा धरला की जमिनीच्या हिशेबाने वेग ११० वर येतो आणि अडीच तासांचे जवळजवळ तीन तास होतात. त्यावर आमच्या कंपनीच्या रिवाजाप्रमाणे प्रवासाच्या इंधनात १५ टक्के जादा, धावपट्टीपर्यंत जायला पाच लिटर, आणि अर्ध्या तासाचे ३० लिटर, ज्यांना हात लावायचा नाही. गरज निघते २३७ लिटर. तो भरू शकत होता २१९.

"१८ लिटरच कमी आहेत," तो म्हणाला.

हा "च" मला ऐकायचा नव्हता. १८ लिटर म्हणजे अठरा मिनिटं, आणि अठरा मिनिटं म्हणजे वाळूवरचे साठ किलोमीटर.

मग जादा का भरायचं नाही? पंखांत तर ३३० लिटर वापरता येईल इतकी जागा आहे. बाहेरच्या माणसाला न दिसणारी मेख इथेच आहे. विमानाला जमिनीवरून उठताना वजनाची मर्यादा असते. आमच्या २०६ ला १६३३ किलो. रिकामं विमान साधारण ९८० किलोचं. उरलेल्या साडेसहाशे किलोंत माणसं, सामान, पाणी आणि इंधन सगळ्यांनी मावायचं. अ‍ॅवगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, लिटरला सुमारे ७२० ग्रॅम भरतं, म्हणजे दोन्ही टाक्या भरल्या की २३८ किलो तिथेच गेले. सहा आसनं आहेत म्हणून सहा माणसं आणि भरलेल्या टाक्या असं कधीच होत नाही. एक बसतो तेव्हा दुसऱ्याने उतरायचं असतं, आणि उतरायची पाळी इंधनावर किंवा पाण्यावर आणायची नाही, एवढं एक ठरवून ठेवलं की बाकी निर्णय सोपे होतात.

उन्हाळ्यात हाच हिशेब आणखी कडक होतो. ॲलिसची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ५४५ मीटरवर. पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर जाते. इंजिनाची ताकद कमी, पंखांची पकड कमी, धाव लांब. याच भागातल्या ऊडनडाट्टा गावात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं. बर्ड्सव्हिलला १९७२ च्या डिसेंबरात ४९.५. अशा प्रदेशात दुपारी दोन वाजता जड विमान उठवायचं नसतं. म्हणून उन्हाळ्यातलं प्रत्येक उड्डाण पहाटेचं, आणि पहाटे निघायचं म्हणजे टाक्या आदल्या संध्याकाळी भरलेल्या हव्यात.

त्या छायाचित्रकारांना मी फोन लावला आणि सांगितलं, सामानातले ३० किलो मागे राहतील किंवा एक माणूस. त्यांच्यातल्या मोठ्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं की त्यापेक्षा थोडं इंधन कमी घेतलं तर चालणार नाही का. प्रश्न वाईट हेतूने नव्हता. बसने, रेल्वेने, मोठ्या विमानाने प्रवास करणाऱ्याला इंधन ही चालकाची खासगी बाब वाटते. मी त्यांना आकडे जसेच्या तसे वाचून दाखवले. वाळवंटाच्या मधोमध कुठे असू तेही सांगितलं. तिपाया आणि दोन जड पेट्या मागे राहिल्या. आमच्या टाकीत २६१ लिटर आले.

मुलाला वाटलं, काम झालं. मी म्हटलं, आता कामाला सुरुवात. बर्ड्सव्हिलला फोन कर.

"पण ताई, पुस्तकात दिलंय की. अ‍ॅवगॅस उपलब्ध."

पुस्तकात दिलेलं असतं. देशातल्या विमानतळांची माहिती असलेली पुस्तिका प्रत्येक वैमानिकाकडे असते, तात्पुरते बदल कळवणाऱ्या नोटॅमच्या सूचना असतात. ही माहिती प्रामाणिक आहे आणि तिच्याशिवाय घराबाहेर पडू नये. पण ती सांगते की त्या ठिकाणी पंप आहे. आज सकाळी त्या पंपाच्या टाकीत किती लिटर आहेत, हे जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसतं. ते फक्त तिथल्या माणसाला माहीत असतं. कधी हॉटेलवाला, कधी रोडहाउस चालवणाऱ्या बाई, कधी गुरांच्या फार्मवरचा व्यवस्थापक, जो दिवसभर घोड्यावर किंवा मोटरसायकलवर असतो आणि रात्री आठला फोन उचलतो. बर्ड्सव्हिलची वस्ती शंभराच्या आसपास. अशा गावात इंधन मिळणं म्हणजे एका विशिष्ट माणसाचं त्या दिवशी गावात असणं.

फोनवर काय विचारायचं, हे मी त्याला शेजारी बसवून ऐकवलं. टाकीत किती आहे, आणि हे मोजलं कधी? "भरपूर आहे" हे उत्तर मी घेत नाही. लिटर विचारते आणि मोजल्याचा दिवस विचारते. आमच्या आधी त्या दिवशी कोण कोण येणार आहे? टँकर पुढे कधी येणार? पंपाला वीज कुठून येते, आणि कार्ड चालत नसेल तर किल्ली कोणाकडे? शेवटचा प्रश्न वेळेचा. बर्ड्सव्हिल क्वीन्सलंडमध्ये, ॲलिस नॉर्दर्न टेरिटरीत. दोन्हींच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक. विल्यम क्रीक साउथ ऑस्ट्रेलियात, तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आणखी तासभर पुढे सरकतं. "पाचपर्यंत आहे मी" असं कोणी म्हटलं तर कुणाचे पाच, हे विचारावंच लागतं. शिवाय पूर्वेला अंधारही लवकर होतो. ॲलिसपेक्षा बर्ड्सव्हिलला सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो, आणि दिवसाच्या नियमांनी उडणाऱ्याने शेवटच्या उजेडाच्या किमान दहा मिनिटं आधी जमिनीवर असायचं असतं.

त्या दिवशी कळलं की साठा होता, पण टँकर अडकला होता. कारण पाऊस. वाळवंटात पावसाने इंधन संपतं, हे इथे येईपर्यंत मलाही सुचलं नसतं. क्वीन्सलंडच्या आत शेकडो किलोमीटरवर पाऊस पडतो, डायमँटिना आणि कूपर क्रीक भरतात, ते पाणी कित्येक आठवडे सपाट मुलखातून सरकत सरकत लेक आयरकडे येतं. इथल्या आदिवासींच्या भाषेत त्या सरोवराचं नाव काटी थांडा. समुद्रसपाटीच्या सुमारे पंधरा मीटर खाली असलेलं ते सरोवर बहुतेक वर्षं मिठाचं कोरडं मैदान असतं. पाणी आलं की पेलिकन येतात, आणि पेलिकनच्या मागून देशभरातून छोटी विमानं. म्हणजे ज्या पाण्यामुळे मातीचे रस्ते बंद पडून टँकर थांबतो, त्याच पाण्यामुळे विमानांची गर्दी होते. मागणी सर्वांत जास्त आणि पुरवठा सर्वांत कमी, एकाच पंधरवड्यात. सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्ड्सव्हिलच्या घोड्यांच्या शर्यती असतात, तेव्हाही गावापेक्षा धावपट्टीशेजारी तंबूंची वस्ती मोठी होते आणि पंपापुढे रांग लागते. अशा दिवसांत पोहोचलो की आधी इंधन, मग चहा. उद्या सकाळी भरू असं म्हणणाऱ्याला उद्या सकाळी पंपावर पाटी लागलेली दिसू शकते. टाक्या काठोकाठ मात्र भरायच्या नाहीत. गार संध्याकाळी भरलेलं पेट्रोल दुसऱ्या दिवशीच्या उन्हात फुगतं आणि व्हेंटमधून बाहेर येतं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा." बरोबर. म्हणून भरवसा तारखेसकट ठेवायचा.

बर्ड्सव्हिलच्या पंपावरच्या बाईंनी आमच्या नावाने २०० लिटर राखून ठेवले. विल्यम क्रीकलाही फोन झाला. विल्यम क्रीक म्हणजे हॉटेल, धावपट्टी आणि मोजकी घरं. सभोवार ॲना क्रीक हा जगातला सर्वांत मोठा गुरांचा फार्म. तिथे सरोवर दाखवणारी विमानं सतत उडतात, त्यामुळे अ‍ॅवगॅस असतं, पण त्यांना स्वतःलाही ते लागतं. बर्ड्सव्हिलहून तिथे २४० नॉटिकल मैल. तिथे काही बिनसलं तर कूबर पीडी जवळ, हे आम्ही कागदावर आधीच लिहिलं.

इतकं झाल्यावर मग तो एक आकडा काढायचा, ज्यासाठी मी ही सगळी खटपट करते. पॉइंट ऑफ नो रिटर्न. मराठी वाचकाला हा शब्द राजकारणाच्या बातम्यांत भेटतो. आमच्याकडे तो मिनिटांत असतो. मार्गावरची ती जागा, जिथपर्यंत जाऊन राखीव साठ्याला हात न लावता सुटलो तिथे परत येता येतं. त्याच्या एक मैल पुढे गेलात की मागचा दरवाजा बंद. सूत्र सोपं आहे: हातात असलेले उड्डाणाचे तास, गुणिले परतीचा वेग, भागिले जाण्याचा आणि परतीचा वेग यांची बेरीज. आमचे २६१ लिटर, त्यातून राखीव आणि जादा बाजूला ठेवून सव्वातीन तासांचं उड्डाण. जाताना ११० नॉट, येताना वारा पाठीशी म्हणून १५०. उत्तर आलं १ तास ५३ मिनिटं, म्हणजे ॲलिसपासून २०८ नॉटिकल मैल. त्यापुढचे शंभरावर मैल बर्ड्सव्हिल सोडून दुसरा पर्याय नाही. वाळवंटाच्या मधोमध इकडेतिकडे वळून उतरावं असं काही नाही.

म्हणून निर्णयाची वेळ मी कागदावर १ तास ४० मिनिटं अशी लिहायला सांगितली, आणि निकषही तिथेच. त्या वेळी जमिनीवरचा वेग ९५ नॉटपेक्षा कमी असेल तर परत. बर्ड्सव्हिलवर धुळीचं वादळ असल्याची खबर असेल तर परत. दोन टाक्यांतून इंधन सारखं उतरत नसेल तर परत. हे सगळं आदल्या रात्री टेबलाशी लिहायचं, कारण वर गेल्यावर माणूस बदलतो. प्रवाशांनी पैसे भरलेले असतात, सकाळ सुंदर असते, पुढचं गाव प्रत्येक मिनिटाला जवळ येत असतं, आणि मागे फिरण्याचं कारण थोडं थोडं लहान दिसू लागतं. टेबलाशी बसलेल्या माणसावर यातलं कशाचंच ओझं नसतं.

निघालो त्या दिवशी वारा २५ नॉट निघाला, अंदाजापेक्षा पाच जास्त. वेग १०५. १ तास ४० मिनिटांना १७५ मैल झाले होते, टाकीत हिशेबाने १५६ लिटर, पुढे ८४ लागणार. मुलाने आकडे मोठ्याने वाचले, मी ते पुन्हा तपासले आणि आम्ही पुढे गेलो. बर्ड्सव्हिलला उतरून शिडीवर चढून डिपस्टिक टाकली. ७० च्या आसपास. गणितात ७२. काट्यांवर मी विसंबत नाही. जुन्या विमानांतले काटे उड्डाणात डुलतात आणि उताराच्या जमिनीवर भलतंच सांगतात. त्या त्या विमानासाठी आखलेली लाकडी पट्टी टाकीत बुडवायची, ओल कुठपर्यंत आली ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. आखलेला खप आणि मोजलेला खप रोज शेजारी शेजारी लिहिला की काही आठवड्यांत आपलं विमान खरंच किती पितं ते कळतं. पुस्तकातलं नव्हे, आपलं.

पंप सगळीकडे नसतो. दूरच्या फार्मवर किंवा खाणींच्या शोधकामाच्या तळावर इंधन मिळतं २०० लिटरच्या ड्रममध्ये. ड्रममधून इंधन भरणं हे मला या नोकरीतलं सर्वांत कौशल्याचं काम वाटतं, आणि नव्या मुलांना ते घाईने कधीच करू देऊ नये. ड्रम उभा ठेवलेला असेल तर आधी संशय घ्यायचा. उभ्या ड्रमच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं, रात्रीच्या गारव्याने ड्रम आतून आकसतो आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढून घेतो. चांगला फार्मवाला ड्रम आडवा ठेवतो, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून ती इंधनाखाली राहतात आणि सुकत नाहीत. ड्रमवर इंधनाचा प्रकार, भरल्याची तारीख आणि सील पाहायचं. मग तो उभा करून थोडा तिरका टेकवायचा आणि थांबायचं. पाणी आणि गाळ खालच्या कडेला जमू द्यायचा. तोवर विमान, ड्रम आणि पंप तारेने एकमेकांना जोडायचे. कोरड्या वाऱ्यात स्थिर वीज किती सहज ठिणगी टाकते ते इथे दाराच्या मुठीला हात लावला तरी कळतं. बूच उघडलं की पंपाची नळी तळाला टेकू द्यायची नाही, बोटभर वर ठेवायची. मधे गाळणी. हातपंप फिरवत राहायचं, खांदे भरून येईपर्यंत. तळाचं शेवटचं इंधन ड्रममध्येच सोडायचं. पैसे गेले तरी चालतील.

भरून झालं की विमानाच्या टाकीखालच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडं काढायचं. अ‍ॅवगॅस निळसर असतं, तो रंग मुद्दाम घातलेला. पेला आकाशाकडे धरून पाहण्याची सवय अनेकांना असते आणि ती घातक आहे. पेल्यात नुसतं पाणी असलं तरी निळ्या आकाशासमोर ते निळंच दिसतं. पांढऱ्या कागदासमोर धरायचं. पाणी असेल तर ते खाली गोल थेंब होऊन बसतं आणि पेला हलवला की तळाशी घरंगळतं. वास घ्यायचा. जेट विमानांचं इंधन चुकून आलं असेल अशी शंका वाटली तर कागदावर दोन थेंब टाकून सावलीत ठेवायचे. अ‍ॅवगॅस उडून जातं, जेट ए-१ तेलकट डाग ठेवून जातं. पेल्यात पाण्याचा एक थेंब निघाला तर निथळ इंधन येईपर्यंत काढत राहायचं, पंख हलवून पुन्हा काढायचं. आमच्या काही विमानांत रबरी पिशवीच्या टाक्या आहेत, त्यांच्या सुरकुत्यांत पाणी दडून बसतं.

ड्रमची ही दुनिया आपल्याला परकी नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान मुंबईला आणलं, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. भारतातल्या फ्लाइंग स्कूलना लागणारं अ‍ॅवगॅसही २०२२ पर्यंत परदेशातूनच यायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. माझ्यासोबत शिकलेल्या बऱ्याच जणांनी घरी असतानाच "आज इंधन नाही म्हणून उड्डाण नाही" हा दिवस पाहिला होता. ती सवय इथे उपयोगी पडते.

ॲलिसच्या विमान संग्रहालयात कूकाबुरा या विमानाचे अवशेष आहेत. बर्ड्सव्हिलहून परत आल्यावर त्या मुलाला मी तिथे पाठवलं. १९२९ च्या एप्रिलमध्ये कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक हरवलेला वैमानिक किंग्सफोर्ड स्मिथ याच्या शोधासाठी ॲलिसहून वायव्येला निघाले. इंजिनाने आधी वाटेत एकदा त्रास दिला होता. टनामी वाळवंटात त्यांना उतरावं लागलं. झुडपं तोडून धावपट्टी करायचा प्रयत्न त्यांनी केला, पण विमान उठलं नाही. पाणी फार थोडं होतं. दोघंही तहानेने गेले. शेवटच्या दिवसांची टिपणं अँडरसनने विमानाच्या शेपटीच्या कापडावर लिहिली होती. ज्यांना शोधायला ते निघाले होते ते मात्र सुखरूप सापडले. तेव्हापासून रेडिओ आले, उपग्रह आले, ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देणारे बीकन आले, ठरल्या वेळेत आपण "पोहोचलो" असं कळवलं नाही की शोध सुरू करणारी व्यवस्था आली. विमान वाळूवर सुखरूप टेकलं तरी मदत येईपर्यंतचे तास आपल्यालाच काढायचे असतात, हे बदललेलं नाही. म्हणून वजनाच्या तक्त्यात माणशी पाण्याची ओळ मी पेनाने लिहायला लावते, पेन्सिलने नाही. ती खोडून तिथे सामान बसवायचं नाही.

तो मुलगा आता एकट्याने आखणी करतो. परवा त्याने एक उड्डाण रद्द केलं. फार्मवरच्या माणसाने फोनवर "असतील दोन-तीन ड्रम" म्हटलं, भरल्याची तारीख सांगता आली नाही, आणि परतीचं इंधन त्या ड्रमवर अवलंबून होतं. प्रवासी रागावले, मालकांनी त्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. मुलाला कोणी काही बोललं नाही.

महाराष्ट्रातून कितीतरी मुलं-मुली उड्डाणाचे तास जमवायला इथे, आफ्रिकेत, कॅनडात येतात. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, पहिली नोकरी मिळाली की हो म्हणायची घाई असते. त्यांना एवढंच सांगणं आहे. मुलाखतीत पगाराआधी विचारा की इंधनाची खात्री नाही म्हणून उड्डाण रद्द करायचं असेल तर कोणाची परवानगी लागते. "विमान तुझ्या हातात, निर्णय तुझा" असं उत्तर तिथल्या तिथे मिळालं नाही, तर ती नोकरी घेऊ नका.